सिमेंटचे रस्ते : खड्ड्यांवरचा उपाय की नुसताच देखावा?

सरळमार्गी : मुंबई महापालिकेने २०२३ पासून काँक्रिटीकरणाचा धडाका लावला आहे. पुण्यानेही आता डांबराचा हट्ट सोडावा, म्हणजे दरवर्षीची ठिगळे थांबतील. ज्यांना हे पटत नसेल, त्यांनी पावसाळ्यात एकदा दुचाकी चालवून पाहावी.

डांबरट : शेवटच्या वाक्यामुळेच उत्तर लिहायला बसलो, कारण मी पुण्यात दुचाकीच चालवतो. जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर केला आणि हमी संपल्यावरही कित्येक वर्षे तो खड्ड्यांवाचून राहिला. तो डांबरीच होता. डांबराचा खरा वैरी पाणी आहे. उतार चुकला की ते साचते, खडी आणि डांबर यांच्यामध्ये शिरते, आणि बसचे चाक वरून गेले की खडी मोकळी होते. मग भर पावसात कामगार येतात, खड्ड्यातले पाणी न काढता आणि कडा चौकोनी न कापता मिश्रण ओततात, फावड्याने थोपटतात आणि रोलरचे काम मागून येणाऱ्या टेम्पोवर सोपवून निघून जातात. असे ठिगळ दुसऱ्या सरीत निघाले, तर त्यात डांबराचा काय दोष?

सरळमार्गी : जंगली महाराज रस्त्याची आरती कधी सुरू होते, याचीच वाट पाहत होतो. अख्ख्या शहरात दाखवायला एकच रस्ता सापडतो, यातच सारे आले.

पेठकर : तुम्हा दोघांचे भांडण मुळातच चुकीचे आहे. आमच्या गल्लीत जुना थर खरवडून न काढता त्यावरच काँक्रीट ओतले, त्यामुळे रस्ता उंबरठ्याच्या वर गेला आणि पावसाचे पाणी थेट जिन्याखाली येऊ लागले. त्याची तक्रार नोंदवतो न नोंदवतो, तोच जलवाहिनीसाठी तोच रस्ता कापला गेला आणि चरावर पेव्हर ब्लॉक बसवले. आता ते ब्लॉक डुगडुगतात.

निवृत्त अभियंता : खोदाई हेच मूळ दुखणे आहे. चर भरताना भराव थराथराने दाबावा लागतो. प्रत्यक्षात माती ढकलून वर खडी पसरली जाते आणि महिन्याभरात तो भाग खचतो. डांबरी रस्त्यावर निदान तो पुन्हा उकरून दुरुस्त करता येतो, पण काँक्रीटचा फलक (स्लॅब) एकदा कापला की त्याचा एकसंधपणा गेला. वाहिन्यांसाठी आधी डक्ट, म्हणजे त्या ओवायला जमिनीखालची पोकळ नळी, टाकल्याशिवाय काँक्रीट करूच नये.

डांबरट : हे ज्ञान आपण सेवेत असताना कोणत्या कपाटात ठेवले होते?

निवृत्त अभियंता : टोमणा पोहोचला. रस्ते विभागातल्या कनिष्ठ अभियंत्याला पाणीपुरवठा विभागाची खोदाई कुदळ पडल्यावरच कळत असे. त्यावर मी लेखी हरकती घेतल्या, आणि प्रत्येक वेळी ‘काम तातडीचे आहे’ एवढेच उत्तर आले. घरबसल्या टोमणे मारणाऱ्यांनी एकदा तरी विभागांमधला असा पत्रव्यवहार वाचावा.

डांबरट : म्हणजे पत्रे लिहिली जात होती आणि खड्डे पडत होते. छान!

सरळमार्गी : डक्टचा मुद्दा मान्य करतो, नाहीतर पेठकर मला त्यांच्या जिन्याखाली उभे करतील. परंतु मुंबईत काँक्रीटच्या रस्त्यांसाठी कंत्राटदारावर दहा वर्षांचे दोषदायित्व आहे, म्हणजे तेवढ्या काळात रस्त्यात दोष निघाला तर दुरुस्ती त्यानेच करायची. ते पुण्यात का नको?

डांबरट : जरूर हवे, रेकॉन्डोची हमीही तेवढीच होती. म्हणजे डांबर की सिमेंट यापेक्षा हमी महत्त्वाची, हे आपणच आता सिद्ध केलेत. मुंबईत मात्र गुणवत्तेवर नजर ठेवायला आयआयटी मुंबईला नेमावे लागले आणि तरीही काही नव्या रस्त्यांना तडे गेलेच. शिवाय दुसऱ्या विभागाने रस्ता कापला, तर ‘दोष माझा नाही’ म्हणून कंत्राटदार मोकळा होणार.

निवृत्त अभियंता : हे प्रथमच बरोबर बोललात. कापलेल्या भागाची जबाबदारी कापणाऱ्या विभागावर लेखी टाकल्याशिवाय त्या हमीला अर्थ नाही.

पेठकर : आमच्या नव्या काँक्रीटवर आज सकाळी कोणीतरी पांढऱ्या रेघा मारून गेले आहे. हे कोणत्या विभागाचे काम, असे मुकादमाला विचारले, तर ‘वर विचारा’ म्हणाला. अभियंता साहेब, या वर राहणाऱ्यांचा पत्ता आपल्या पत्रव्यवहारात सापडला तर कळवा.