शब्दचर्चा : फिकट, पुसट की बुजलेला?

एका लेखाचं मराठी करतेय आणि पहिल्याच वाक्यावर गाडी अडलीय. विषय दक्षिण ऑस्ट्रेलियातला 'मारी मॅन'. मारी गावाच्या पश्चिमेला पठारावर काढलेली, हातात फेकायची काठी घेतलेल्या आदिवासी शिकाऱ्याची आकृती. लांबी सुमारे २.७ किलोमीटर, परीघ २८. २६ जून १९९८ला ती एका वैमानिकाला वरून दिसली. कोणी काढली ते अजून उघड झालेलं नाही. २०१८मध्ये उद्योजक डिक स्मिथ यांनी ५००० डॉलरचं बक्षीस लावलं, तरीही नाही. माझं वाक्य असं : 'वाळवंटात कोरलेला हा महामानव फिकट होत चालला होता.' काहीतरी खटकतंय.

—

ताई, 'महामानव' आधी काढा. आपल्याकडे तो शब्द बाबासाहेबांचा झालाय. सहा डिसेंबरच्या आसपास वाचणारा तर वाक्याच्या मध्यातच थबकेल. 'अजस्र आकृती' म्हणा. 'महाकाय'ही चालेल, पण तो वर्तमानपत्रांनी अजगरापासून जेसीबीपर्यंत सगळ्यांना वाटून टाकलाय.

—

माझा आक्षेप 'वाळवंटा'वर. चंद्रभागेचं वाळवंट म्हटलं की पायाखाली रेती येते. रेतीत काढलेली आकृती वीस वर्षं कशाला टिकेल, चार वाऱ्यांत सपाट होईल. तो प्रदेश कोरडा खरा, पण जमीन घट्ट, दगडगोट्यांची. प्रदेश सांगताना वाळवंट ठेवा, आकृतीची जागा सांगताना 'माळ'.

आणि 'फिकट' नको. फिका पडतो तो रंग. रेघ पुसट होते. खोदलेलं असेल तर ते बुजतं. आमच्या गावच्या माळावर बैलगाडीची चाकोरी होती. गाड्या बंद झाल्यावर आधी तिच्या कडा ढासळल्या, मग तळात माती साचली, मग कुसळी उगवली. शेवटी उभं राहून काही दिसायचं नाही, पण उन्हं कलली की सावलीची एक बारीक रेघ उमटायची. याला आजोबा 'चाकोरी बुजली' म्हणायचे. फिकट झाली असं कोणी म्हटल्याचं आठवत नाही.

—

पटलं. मग 'कोरलेला'चं काय?

—

कोरायला दगड किंवा लाकूड लागतं. रत्नागिरीकडची कातळशिल्पं जांभ्यात आहेत, तिथे कोरणं शोभतं. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटरांचा, तोही आपण डोळे विस्फारून पाहतो. इथे मात्र माती. 'चर खोदला' म्हणावं, तर आकडे बघा : रेघांची रुंदी ३५ मीटरपर्यंत आणि खोली सुरुवातीला जेमतेम वीत-सव्वा वीत. एवढ्या रुंद, उथळ पट्ट्याला चर कोण म्हणेल? वरचा थर काढून टाकलाय, म्हणजे 'खरवडलाय'.

—

हा शब्द सुचलाच नव्हता, आणि रोज दुधाचं पातेलं खरवडते! आता वाक्य असं :

'माळावर खरवडून काढलेली ती अजस्र आकृती वाऱ्यापावसाने बुजत गेली आणि आकाशातून पाहणाऱ्याला पुसट दिसू लागली.'

पुढची अडचण : ऑगस्ट २०१६मध्ये स्थानिकांनी जीपीएसवर मापं घेऊन ग्रेडरने (रस्त्याची माती खरवडून सपाट करायचं यंत्र) पाच दिवसांत तीच आकृती पुन्हा काढली. 'उजाळा दिला' चालेल?

—

उजाळा तांब्यापितळेला नि आठवणींना. इथे 'पुन्हा आखून काढली' बरं. पण या वेळी पाणी धरून ठेवतील अशा खाचा-उंचवटेही त्यांनी केले ना? म्हणजे आपल्या सरी-वरंब्यासारखंच. ती ओळ नीट लिहा, शेतकरी वाचकाला लगेच कळेल.

—

हो, त्या ओलीवर झुडपं-गवत येऊन आकृती हिरवी व्हावी असा बेत आहे. मी 'हिरवी दिसेल' लिहिलंय.

—

'उगवून येईल' लिहा.