मदत हवी आहे: अरुंद घळीतला उजेड फोटोत कसा पकडू?
नमस्कार मंडळी. मे महिन्यात मुलीकडे अमेरिकेला जातोय, तेव्हा अ‍ॅरिझोनातली अँटिलोप कॅन्यन ही दगडातली अरुंद घळ बघणार आहोत. तिथल्या टूरवर ट्रायपॉड नेता येत नाही, म्हणून गोव्यातल्या साखळी गावाजवळच्या हरवळे लेण्यांत हातात कॅमेरा धरून सराव केला. दाराकडचा जांभा पांढराफटक, आतलं शिवलिंग पार काळोखात. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२००, शटर १/१५ सेकंद, तरी फोटो हलले. भिंतीला पाठ टेकवून श्वास रोखला तेव्हा कुठे एक धड आला. फ्लॅश मुद्दाम टाळला. भिंतींवरून परतत खाली झिरपणारा उजेडच तर हवाय! आकाश फ्रेमबाहेर ठेवायचं हे कळतं, पण एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) उजळ भिंतीवर धरू की सावलीवर? आणि दगडाचा नारंगी रंग टिकवायला व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) कितीवर ठेवता? तिथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.