परभणी आकाशवाणी : टीव्हीनं मारलं का मोबाईलनं?

काही जण म्हणतात की टीव्ही आला अन् परभणी आकाशवाणी ऐकणारे संपले, मला नाही पटत. आमच्या मानवतकडं टीव्ही आल्यावर बी लाईट कुठं टिकायची, त्यामुळं आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, रेडिओच. आजोबा सेल उतरले की पत्र्यावर उन्हात ठेवायचे, दोन दिवस परत चालायचे, अन् काटा 1305 किलोहर्ट्झवरून, म्हणजे परभणी स्टेशनवरून, कुणी हलवला तर शिव्या! संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागला की सालगडी बी बैलं सोडून तिथंच टेकायचा, कृषी विद्यापीठ परभणीतच, म्हणून सांगणारा आपल्या कापसाचं, ज्वारीचं बोलायचा.

खरा घोळ मोबाईलनं केला. त्यात रेडिओ आला पण एफएमवाला, अन् परभणी तर मिडियम वेव्हवर, म्हणजे जुन्या रेडिओच्या वेगळ्या पट्ट्यावर, त्यामुळं हातात रेडिओ असून आपलंच स्टेशन लागत नाही! जुना सेट काढला तर एलईडी बल्ब अन् चार्जरची अशी खरखर की बातम्या बी कळंनात, मी तर घरचे सगळे दिवे बंद करून ऐकलंय, बायको म्हणाली येड लागलं का. आता ॲपवर लावतो, आवाज एकदम साफ येतो, पण आखाड्यावर रेंजच नाही.