अणुधोरणाचा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम: सुरुवात कुठून करावी?

संरक्षण_वर्ग
संरक्षणशास्त्र आणि भौतिकशास्त्र या दोन्ही विभागांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी अणुधोरणावर ऐच्छिक अभ्यासक्रम आखायचा आहे. १२ आठवडे, दर आठवड्याला दोन व्याख्यानं आणि एक प्रात्यक्षिक, साधारण २० विद्यार्थी. सध्याच्या मसुद्यात पहिले चार आठवडे प्रतिरोधनाचे (अण्वस्त्रांच्या धाकाने हल्ला रोखण्याचे) सिद्धान्त, मग एनपीटी (अण्वस्त्रप्रसारबंदी करार) आणि सीटीबीटी (अणुचाचणीबंदी करार), मग भारत-अमेरिका अणुकरार, शेवटी अणुऊर्जा असा क्रम आहे. प्रात्यक्षिकात काय घ्यावं हेच ठरत नाही. निबंध लिहून घेण्यापलीकडे काही सुचवा. शिवाय हे शिकून मुलांनी पुढे कुठे अर्ज करायचे?

जडपाणी
आधी कळस मग पाया असा मसुदा झालाय. प्रतिरोधन सातव्या-आठव्या आठवड्यावर ढकला आणि सुरुवात पदार्थापासून करा. युरेनियम-प्लुटोनियम किती, कुठे, कोणाच्या देखरेखीत, हे ज्याला वाचता येत नाही तो करारांवर नुसतं भाष्य करत राहतो.

पहिल्या आठवड्यात आयएईएचे (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे) आकडे चक्क पाठ करून घ्या. ‘सिग्निफिकंट क्वांटिटी’, म्हणजे एक अण्वस्त्र बनण्याची शक्यता नाकारता येत नाही एवढा पदार्थ: प्लुटोनियम ८ किलो. २० टक्के किंवा जास्त समृद्ध (युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवलेलं) युरेनियम असेल तर त्यातलं युरेनियम-२३५ २५ किलो. त्याहून कमी समृद्ध असेल तर ७५ किलो. मुदतीही द्या: शस्त्रात थेट वापरता येण्याजोगा, भट्टीत न गेलेला पदार्थ वळवला गेला तर तो १ महिन्यात कळला पाहिजे, वापरलेल्या इंधनातलं प्लुटोनियम ३ महिन्यांत, बाकीचं १ वर्षात. तपासनीस कुठे किती वेळा फिरकतात ते यावरून ठरतं.

पहिलं प्रात्यक्षिक एक्सेलवर. युरेनियम-२३५ चं प्रमाण नैसर्गिक युरेनियममध्ये ०.७११ टक्के, समृद्धीकरणातून उरणाऱ्या टाकाऊ प्रवाहात ०.३ टक्के धरा. ९० टक्क्यांच्या १ किलोला सुमारे २१८ किलो नैसर्गिक युरेनियम आणि १९३ एसडब्ल्यूयू (समृद्धीकरणाच्या कामाचं एकक) लागतात. आता तेच दोन टप्प्यांत करायला सांगा. ४.५ टक्क्यांचं २३.६ किलो बनवायला १४७ एसडब्ल्यूयू खर्च होतात. तिथून ९० टक्क्यांच्या १ किलोपर्यंत जायला फक्त ४६ (दुसऱ्या टप्प्याचा टाकाऊ भाग नैसर्गिक पातळीवर ठेवून). म्हणजे वीजभट्टीच्या इंधनापाशीच तीन-चतुर्थांश काम उरकलेलं असतं. २०१५ च्या इराण करारात ३.६७ टक्क्यांची मर्यादा आणि साठ्यावर बंधन दोन्ही का होती, ते या एका तक्त्यातून कळतं. व्याख्यानातून कळत नाही.

चुका ठरलेल्या असतात. ०.०४५ ऐवजी ४.५ टाकलं की लॉगरिदम एरर देतो, ही निरुपद्रवी चूक. खरी चूक वस्तुमानाची: त्या करारातली ३०० किलोची मर्यादा युरेनियम हेक्साफ्लोराइडची आहे, त्यात युरेनियम २०२.८ किलोच. तिसरी चूक वर्तमानपत्रांतही दिसते. मे २०२५ च्या आयएईए अहवालात इराणकडे ६० टक्क्यांचं ४०८.६ किलो युरेनियम होतं. त्यात युरेनियम-२३५ सुमारे २४५ किलो, भागिले २५ म्हणजे पावणेदहा. मुलं लगेच ‘दहा बॉम्ब तयार’ लिहितात. हे मोजमाप तपासणीसाठीचं आहे. त्यावरून कोणाकडे किती शस्त्रं आहेत ते ठरत नाही. असं लिहिणाऱ्याचे गुण निर्दयपणे कापा.

कलम_सतरा
वरचं मान्य, पण इतक्यावर थांबू नका. भारतात या विषयाचं गाडं कायद्याच्या शब्दांवर अडतं, आणि नेमकं तेच कोणी शिकवत नाही.

आपल्याकडे उत्तम उदाहरण तारापूर. एकाच आवारात चार भट्ट्या. १ आणि २ अमेरिकी, १९६९ पासूनच्या, समृद्ध इंधनावरच्या आणि आयएईएच्या देखरेखीत. ३ आणि ४ देशी, प्रत्येकी ५४० मेगावॉट, नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालणाऱ्या. नागरी आणि लष्करी प्रकल्प वेगळे करणाऱ्या २००६ च्या विभाजन योजनेत त्या देखरेखीबाहेर ठेवल्या. हे शक्य झालं कारण भारताचा आयएईएशी झालेला देखरेखीचा करार, इन्फसर्क ७५४ (इन्फसर्क म्हणजे आयएईएचे क्रमांकित दस्तऐवज), प्रकल्पनिहाय आहे. एनपीटीतल्या अण्वस्त्ररहित देशांना इन्फसर्क १५३ लागू होतो आणि त्यात देशातला सगळा शांततामय अणुपदार्थ येतो. दोन्ही दस्तऐवजांची सुरुवातीची कलमं शेजारी ठेवून एक तासात फरक शोधायला लावा. ‘भारतावर आयएईएची देखरेख आहे की नाही’ या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देणारा नापास.

दायित्वासाठी, म्हणजे अणुअपघाताची भरपाई कोणी द्यायची यासाठी, दोन आठवडे हवेतच. २०१० च्या कायद्यातलं कलम १७(ब) म्हणजे सदोष सामग्रीबद्दल पुरवठादाराकडे भरपाई मागण्याचा चालकाचा हक्क. प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा ईपीआर (फ्रेंच बनावटीच्या) भट्ट्यांचा जैतापूर प्रकल्प रेंगाळण्यामागे दराबरोबर हे कलमही होतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने शांती कायदा मंजूर केला. त्याने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा दायित्व कायदा दोन्ही मोडीत काढले, खासगी कंपन्यांना वाट दिली, एईआरबीला (अणुऊर्जा नियामक मंडळाला) वैधानिक दर्जा दिला आणि सदोष सामग्रीचं ते पोटकलम वगळलं. जुन्या नोट्स फेकू नका. जुनं कलम, नवं कलम आणि ‘फायदा कोणाचा, जोखीम कोणाकडे गेली’ असा तीन रकान्यांचा तक्ता करून घ्या.

सोबत एईआरबीवरचा कॅगचा २०१२ चा अहवाल लावा. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी ९१ टक्के नोंदणीविना चालत होती, हे त्यातच आलंय. नियामकाला कायद्याचं बळ नसलं की काय होतं, याचं याहून चांगलं पाठ्यपुस्तक फुकट मिळणार नाही.

गव्हर्नर_बोर्ड
अभिरूप बैठक घ्याच, पण सुरक्षा परिषदेची नको. आयएईएच्या ३५ सदस्यांच्या बोर्डाची घ्या. सप्टेंबर २००५ चा इराण ठराव निवडा: बाजूने २२, विरोधात १, तटस्थ १२. विरोध एकट्या व्हेनेझुएलाचा आणि भारताचं मत ठरावाच्या बाजूने. तेव्हा अमेरिकेशी अणुकराराची बोलणी चालू होती, त्यामुळे वर्गात वाद पेटतोच.

२० जणांत दहा देश, प्रत्येकी दोघं: एक भौतिकशास्त्राचा, एक संरक्षणशास्त्राचा. पहिल्याने एका पानाचं तांत्रिक टिपण लिहायचं, दुसऱ्याने त्यावर प्रश्न काढायचे. बिघडतं ते दोन ठिकाणी. मुलं नकाराधिकार वापरायला जातात, आणि बोर्डात तो कोणालाच नाही. दुसरं, सगळे भाषणं ठोकतात आणि मसुदा कोरा राहतो. म्हणून वादग्रस्त शब्द कंसात टाकलेला तयार मसुदा द्या, ४० मिनिटं फक्त शब्दांची घासाघीस, भाषणांना बंदी. गुण २५० शब्दांच्या मत-स्पष्टीकरणाला.

नोकऱ्यांबद्दल स्पष्टच लिहितो. परराष्ट्र मंत्रालयाच्या निःशस्त्रीकरण विभागात पोचण्याची मुख्य वाट यूपीएससी. अणुशक्तीनगरच्या एईआरबीत मुख्यतः विज्ञान-अभियांत्रिकीवाले लागतात. उरतात दिल्लीची एमपी-आयडीएसए, बंगळुरूची एनआयएएस अशा मोजक्या संशोधन संस्था. तिथे पदवीपेक्षा लेखनाचा नमुना पाहतात. या क्षेत्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलींनी आयएईएची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी शिष्यवृत्ती सोडू नये. अणुकायदा आणि प्रसारबंदी हे विषयही त्यात बसतात. संयुक्त राष्ट्रांची निःशस्त्रीकरण फेलोशिप सरकारी अधिकाऱ्यांसाठी आहे, विद्यार्थ्यांनी तिच्यामागे वेळ घालवू नये. आणि जुन्या याद्यांत पहिलं नाव अमेरिकेतल्या मॉन्टेरे संस्थेचं असतं. तिथले निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम बंद होणार असल्याचं २०२५ मध्येच जाहीर झालंय.

दहा_मीटर
उपग्रहचित्रांचं एक प्रात्यक्षिक हवं असेल तर सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट आहेत, एक पिक्सेल १० मीटरचा. इमारत उभी राहिली, रस्ता झाला, एवढं दिसतं. आत काय चाललंय ते नाही. उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या अणुवीज केंद्राला कूलिंग टॉवर आहेत, तारापूर समुद्राच्या पाण्यावर थंड होतं. दोन्ही चित्रं शेजारी लावा, म्हणजे ‘वाफ दिसत नाही, भट्टी बंद आहे’ हा निष्कर्ष किती तकलादू ते मुलांना दिसेल.

संरक्षण_वर्ग
आभारी आहे. मग प्रतिरोधन दोन आठवड्यांत मावेल?

जडपाणी
मावेल. भारताच्या अण्वस्त्र-धोरणाचा ऑगस्ट १९९९ चा मसुदा आणि त्यावरचं ४ जानेवारी २००३ चं सरकारी निवेदन, एवढंच वाचा. ‘दंडात्मक’ प्रत्युत्तराचं ‘प्रचंड’ झालं, आणि जैविक-रासायनिक हल्ल्याचा अपवाद प्रथम वापर न करण्याच्या धोरणाला जोडला गेला. हे दोन बदल मुलांना स्वतः शोधू द्या, नंतर सिद्धान्त सांगा. निवेदन जेमतेम दोन पानांचं आहे, छापूनच वाटा; मोबाइलवर वाचलं की अपवादाचं वाक्य हमखास सुटतं.