आजीनं सांगितलेला पिक्चर खरा की सबटायटलवाला?

खानापुरी_पाऊस:
नमस्कार मंडळी, एवढं मोठं पहिल्यांदाच लिहितोय, कंटाळा आला तर शेवटचा प्रश्न तेवढा वाचा.

आमचं घर बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातलं. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि टीव्हीवर जे लागेल ते. मी सांगतोय ती ८९-९० सालची गोष्ट, केबल वगैरे काही नव्हतं, बेंगळूर दूरदर्शन दिसायचं. मुंबईचं मराठी काहीतरी दिसावं म्हणून काका कौलावर चढून अँटेना फिरवायचा आणि आम्ही खालनं "आलं आलं... गेलं" ओरडायचो, दिसायच्या नुसत्या मुंग्या. शेवटी काका वैतागून खाली उतरायचा आणि मग जे आहे ते बघायचं. शुक्रवारी चित्रमंजरी, म्हणजे कन्नड गाणी, आणि रविवारी संध्याकाळी कन्नड पिक्चर. ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, पुढं पंधरा-वीस माणसं, आणि पावसाळ्यात ऐन क्लायमॅक्सला करंट जाणारच.

आम्हा पोरांना कन्नड ओ की ठो कळत नव्हतं. आजी मधोमध बसायची आणि सगळ्यांना सांगत राहायची. आता तो त्याच्या बहिणीकडं चाललाय बघ. आता ह्याच्या मनात पाप आलंय. आता ही रडणार. आजीचं कन्नड बाजारापुरतंच, भाजीवालीशी घासाघीस करण्याएवढं, असं आम्ही धरून चाललेलो, पण तिच्या सांगण्यावर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती.

त्यातला एक पिक्चर डोक्यात कायमचा बसला. 'बंगारद मनुष्य', १९७२ चा, कन्नड हिरो राजकुमारचा. आता हसू नका, पण मला ते 'भंगारद मनुष्य' ऐकू आलेलं! मी सात-आठ वर्षांचा होतो. मला वाटलं हिरो भंगारवाला आहे, आता हातगाडी येईल, मग येईल म्हणून मी अर्धा पिक्चर वाट बघितली. तो आपला नांगर धरून माळरान फोडतोय. बंगार म्हणजे सोनं हे फार नंतर कळलं.

गोष्ट अशी की बहिणीचा नवरा वारतो, हा भाऊ तिचं घर सावरतो, पडीक रानात शेती पिकवतो, भाच्यांना मोठं करतो, आणि शेवटी भाचाच त्याला नको ते बोलतो. हा जेवणाच्या ताटावरनं उठतो आणि घर सोडून चालायला लागतो. त्या क्षणी आमच्या खोलीत सगळी गप्प. मी रडायला लागलो तशी आजी म्हणाली, "रडतोस कशाला, पंढरीला चाललाय तो. माळकरी माणूस, तिथं त्याला काय कमी हाय? आषाढी करून येईल परत." आणि मी खरंच गप्प झालो. पुढं कितीतरी वर्षं माझ्या डोक्यात राजकुमार चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तन ऐकत बसलेला.

मागच्या महिन्यात तो पिक्चर नेटवर सापडला, खाली इंग्रजी सबटायटल. रात्री एकटा बसून बघितला. पंढरी नाही, विठ्ठल नाही, आषाढी नाही. माणूस नुसता निघून जातो, संपलं. पिक्चर चांगलाच आहे, त्यात वाद नाही, बेंगळुरात दोन वर्षं चाललेला आहे तो, आणि तो बघून शहरातली शिकलेली पोरं शेती करायला गावाकडं परतली असं सांगतात. पण मला काहीतरी हरवल्यासारखं झालं. आजीला जाऊन अकरा वर्षं झाली, त्या रात्री ती परत एकदा गेली असं वाटलं (बायको म्हणाली पिक्चर बघून असं तोंड करायचं असेल तर बघू नका).

तर प्रश्न असा: लहानपणी अर्धवट समजलेले पिक्चर तुम्ही आता नीट समजून परत बघता का? की तसेच ठेवता?

कॅम्पातला_बाल्कनीवाला:
भंगारद मनुष्य 😂😂 भावा, ऑफिसात वाचत होतो, चहा नाकातनं आला.

आमचं कन्नडचं नाही, इंग्रजीचं असं व्हायचं. शाळा बुडवून बेळगावच्या कॅम्पात इंग्रजी पिक्चरला जायचो, स्टॉलचं तिकीट, खिशात चिरमुरे. एक शब्द कळायचा नाही. पण बाल्कनीत मिलिटरीतले साहेब लोक फॅमिली घेऊन आलेले असायचे, ते हसले की आम्हीपण हसायचो. कधीकधी दोन सेकंद उशीर व्हायचा, म्हणजे वरती हशा संपला की खाली आमचा सुरू. एकदा मित्र चुकून भलत्याच सीनला हसला, पडद्यावर कुणीतरी मेलेलं, बाल्कनीतनं एक बाई एवढ्या रागानं वाकून बघितली की आम्ही इंटरवलला घरी.

नंतर कॉलेजात असताना त्यातला एक परत बघितला, सगळा समजला, एकदम फालतू निघाला. तेव्हापासून बाकीच्यांना हात लावलेला नाही. म्हणून माझं मत, ठेवा तसेच. आणि टॉकीज, गोष्टी सांगणारी माणसं म्हटलं की आपल्याकडं विषयच नाही, पुलंचे रावसाहेब बेळगावचेच की, तेही थेटरवाले.

चिकोडीची_लेक:
आजीवरनं आठवलं म्हणून लिहिते. माझ्या आजीला हिंदी अजिबात येत नव्हतं, तरी जुना हिंदी पिक्चर लागला की पदर खोचून पुढं येऊन बसायची. कारण एकच, सुलोचना. सुलोचनाबाई खडकलाटच्या, आणि आजीचं माहेर त्याच बाजूचं. त्यामुळं ती नटी वगैरे नाहीच, "आमच्या अंगची पोरगी".

बाई बहुतेक हिरोची आई असायच्या हे सगळ्यांना माहीत आहेच. आजीचा हिशोब असा की ज्याची आई सुलोचना तो चांगला, त्यानं खून केला असला तरी त्याचं काहीतरी कारण असणार. गोष्ट समजायची गरजच नाही. आणि त्यांचा सीन संपला की आजी उठून भाकरी थापायला, हिरो-हिरोईन झाडाभोवती काय करतात त्याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. मधनंच आतनं ओरडायची, "आली का गं परत?" आली म्हटलं की पिठाच्या हातानं बाहेर. एका पिक्चरात त्या पहिल्या अर्ध्या तासातच मरतात, तर आजीनं टीव्हीच बंद करायला लावला, आमचा राहिलेला पिक्चर गेला ना!

जून २०२३ मध्ये सुलोचनाबाई गेल्या, ९४ वर्षांच्या होत्या. बातम्यांत जुने सीन दाखवत होते. मला कळेना मी कुणासाठी रडतेय, कारण खरं सांगायचं तर त्यांचा एकही पिक्चर मी सलग, शेवटपर्यंत बघितलेला नाही. आजीसारखेच तुकडे तुकडे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही हे माहीत आहे, तरी लिहिलं.

हत्तरगी_नाका:
मी कन्नड मिडीयमला शिकलो, मराठी घरातलं बोलतो तसं लिहितो, शुद्धलेखन बघू नका.

सबटायटलवर एवढा विश्वास ठेवू नका सर. कन्नडात 'नीनू' आणि 'नीवू' असं असतंय, आपलं तू आणि तुम्ही. पिक्चरमध्ये कोणतरी मोठ्या माणसाला जन्मभर नीवू म्हणतोय आणि भांडणात एकदम नीनू म्हणून सोडतोय, तेव्हा थेटरमधली माणसं 'हाऽऽ' करतात. खाली इंग्रजीत काय येतंय? पहिलं पण यू, नंतर पण यू. म्हणजे मेन थप्पड तिथंच गायब. तुमच्या आजीनं पंढरपूर घातलं, सबटायटलवाल्यानं थप्पड काढली, मी तरी दोघांना सारखंच धरतो.

दुसरं एक. तुमाला वाटतंय आमाला कन्नड येतं म्हणजे सगळं समजतं. तसं नाही. जुन्या पिक्चरमधलं कन्नड म्हैसूर-बेंगळूरकडचं, आमचं इकडचं वेगळं. लहानपणी मी पण बरंच अंदाजानं बघितलो. आणि उत्तर कर्नाटकातलं बोलणारा माणूस पिक्चरमध्ये आला की तो बहुतेक कॉमेडीला असायचा. आमचे मामा असेच बोलतात, त्यात हसायला काय हाय ते मला समजायचं नाही, पण बेंगळूरला हॉस्टेलला गेलो आणि मी तोंड उघडलो की पोरं हसायला लागली, तेव्हा समजलं. आता मराठी सिरीयलवाले पण बेळगावचं माणूस आणतात आणि "काय करुलास" बोलायला लावून हसतात. म्हणजे आमाला दोन्हीकडनं.

तरी बघायचं सोडलो नाही. राजकुमार म्हणजे राजकुमार.

निपाणी_लास्ट_स्टॉप:
वरच्या भावाला शंभर टक्के. बेळगावी मराठी म्हणजे जोक नव्हे.

माझा अनुभव उलटा आहे. सैराट २०१६ ला आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात मित्रांबरोबर कोल्हापूरला जाऊन बघितला, निपाणीवाल्यांना कोल्हापूर म्हणजे शेजारचं घर. नंतरच्या वर्षी कन्नडात त्याचाच रिमेक 'मनसु मल्लिगे' आला, हिरोईन तीच, रिंकू राजगुरू. ऑफिसातला कन्नड मित्र सैराट न बघितलेला एकमेव प्राणी होता, तो म्हणाला चल. मी गेलो, शेवट माहीत असताना. कन्नड मला कामापुरतं येतं पण डायलॉग कळायची गरजच नव्हती, पाठ होते. तर शेवटचा सीन आला तेव्हा मी पडद्याकडं बघितलंच नाही, त्याच्याकडं बघत बसलो. हातात शेंगदाण्याची पुडी, एक शेंगदाणा तोंडाजवळ नेलेला, तिथंच राहिला. लाइट लागले तरी तिथंच. बाहेर येऊन तो मला एवढंच म्हणाला, "तुला माहीत होतं, आणि तू मला आणलास." दोन दिवस बोलला नाही.

त्यामुळं सगळं समजून बघण्यात पण मजा आहे, फक्त मजा पडद्यावर नसते.

अनगोळ_गल्ली_नंबर_अमुक:
मी थोडं वेगळं बोलतो. आमच्या घरात कन्नड पिक्चर बघायचा नाही असा नियमच होता. बेळगाव कर्नाटकात घातलं म्हणून वडील १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणारे, फेरी चुकवली नाही कधी. मी मात्र राजकुमारच्या पोराचा, पुनीतचा म्हणजे अप्पूचा फॅन, त्याचा डान्स बघायला मित्राच्या घरी जायचो आणि वडिलांना सांगायचो गणिताचा क्लास आहे. भाषा नीट कळायची नाही, नाचायला कशाला भाषा लागतेय.

२९ ऑक्टोबर २०२१ ला पुनीत गेल्याची बातमी आली तेव्हा मी टीव्हीसमोर बसलो तो उठलोच नाही. वडील बाहेरनं आले, बघितलं, चॅनल बदलतील असं वाटलं. खुर्ची ओढून बसले. मरणानंतर त्याचे डोळे दान केले, आधी राजकुमारनं पण केलेलं, ते सांगत होते तेव्हा म्हणाले, "पोरगं चांगलं होतं रे." मग थोड्या वेळानं, "गणिताच्या क्लासला हाच शिकवायला होता काय?"

तीन दिवसांनी १ तारखेला काळा शर्ट घालून गेलेच. मी इस्त्री करून दिली.

कॅम्पातला_बाल्कनीवाला:
काका जबरदस्त 🙏

बेंगळूरस्थित_बेळगावकर:
सगळे हळवे झालात म्हणून वाईटपणा घेतो. पिक्चर लिहिणाऱ्यानं, करणाऱ्यानं जे सांगितलंय ते न समजता त्याचे फॅन म्हणवून घ्यायचं हे मला पटत नाही. पाव शतक कर्नाटकात राहून सबटायटल लागतात यात कौतुक काय? कन्नडात दुसऱ्या भाषेतले पिक्चर डब करायला कित्येक वर्षं तिथल्या इंडस्ट्रीचा विरोध होता, त्यामुळं बाकीच्यांनी तमिळ-तेलुगू पिक्चर तसेच बघितले आणि भाषा शिकले. मी इथं येऊन पिक्चर बघत बघतच कन्नड शिकलो, 'बंगारद मनुष्य' पण बघितला, एकदाही पंढरपूर आठवलं नाही.

चिकोडीची_लेक:
तुम्हाला तशी आजी नव्हती हो, म्हणून.

खानापुरी_पाऊस:
बेंगळूरवाल्या दादांचा राग नाही, मुद्दा बरोबरच आहे, मी शिकायला पाहिजे होतं. नीनू-नीवूचं वाचून तर परत बघावासा वाटला.

म्हणून रविवारी आईला घेऊन बसलो, यावेळी सबटायटल बंद. म्हटलं बघू किती कळतंय. बऱ्यापैकी कळलं. शेवटाला हिरो ताटावरनं उठला तेव्हा मी आईला म्हटलं, आजी म्हणायची हा पंढरीला चालला, बिचारीला कन्नड येत नव्हतं ना, जमेल तसं सांगायची.

आई माझ्याकडं बघतच बसली. म्हणाली, "कुणाला येत नव्हतं? अरे आजीचं माहेर कित्तूरकडचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीच येत नव्हतं. तुझे आजोबा सांगायचे, पहिलं वर्षभर ती घरात नुसती मान हलवायची म्हणून."

कित्तूर माहीत होतं मला. मामाआजोबा यायचे, ते अंगणात आजीशी हळू आवाजात काहीतरी बोलत बसायचे, आम्ही खेळायला पळायचो. डोक्यात कधी आलंच नाही.

म्हणजे म्हातारीला शब्द न् शब्द कळत होता! मग मी आईला विचारलं, बाकीचे पिक्चर? त्या एकात दोघं भाऊ शेवटी एकत्र आले, ते? विहिरीत पडलेली ती मुलगी वाचली, ते?

आई म्हणाली, "मी तेव्हा आत स्वयंपाक करत होते. मला काय माहीत."

आता यादी करायला घेतलीय, आतापर्यंत नऊ आठवलेत. नावं एकाचंही धड आठवत नाही. हत्तरगीवाले, एकात हिरोला पांढरा बैल होता आणि बैलाच्या गळ्यात घंटा, हिरोईन घंटा ऐकून पळत यायची, कुठला असेल?

हत्तरगी_नाका:
बैल असलेले पन्नास हायत सर. आजीनं शेवट काय सांगितलेला?

खानापुरी_पाऊस:
बैल घरी परत आला.

हत्तरगी_नाका:
मग अवघड हाय.