अनुभव धागा: थांबलात तेव्हा काय दिसलं?

गेल्या श्रावणात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चाळीस वर्षं पहाटे परडी घेऊन अंगणात जायचं, प्राजक्त भराभरा वेचायचा आणि पूजेला बसायचं, हा माझा नेम. आता वाकता येईना. नात फुलं वेचायची, मी पायरीवर बसून बघायची. एकदा टपकन एक फूल पडलं, उपडं, केशरी देठ वर. मग दुसरं. या झाडाचं खाली पडलेलं फूलही देवाला चालतं, हे आईनं शिकवलं होतं. पण ते पडताना मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी देवघरात जायला उशीर झाला, तरी पूजा चुकल्यासारखं वाटलं नाही. ती पायरीवर झाली होती.

तुम्ही कुठे थांबलात? काय दिसलं? लिहा. मोठं काही नको, रोजचंच हवं.

कोल्हापूरहून

ताई, आमच्या अंबाबाईचा किरणोत्सव तुम्हाला ठाऊक असेलच. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग किंवा धुरकं असलं की वाटेतच विरतात. लहानपणापासून मी त्या गर्दीत टाचा उंचावून उभी राहत आले. दोन वर्षांपूर्वी किरणं पोचलीच नाहीत आणि मी हिरमुसून घरी आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाकरी थापत होते. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप थेट परातीत उतरली. उडालेलं पीठ तिच्यात तरंगत होतं, भाकरीवर माझ्या बोटांचे ठसे उठून दिसत होते. तिरीप सरकत सरकत तांब्याच्या कळशीवर गेली, कळशी पेटल्यासारखी झाली, मग ऊन भिंतीवर चढलं आणि विझलं. तवा धुरायला लागला तरी माझे हात पिठातच. या घरात येऊन मला एकोणीस वर्षं झाली, म्हणजे एकोणीस हिवाळे ती येत होती! आता त्या वेळेला मी मुद्दाम ओट्याशी असते. देवळातही जाते, पण टाचा उंचावत नाही. मागे उभी राहून हात जोडते.

नवी मुंबईहून

हार्बर लाइनवर मानखुर्द सुटलं की वाशीपर्यंत खाडीचा पूल लागतो. आमच्या डब्यातले एक काका पूल आला की रोज हात जोडायचे. एकदा विचारलं, "काका, इथे कुठलं देऊळ?" त्यांनी नुसती हनुवटीनं बाहेर खूण केली. ओहोटी होती. चिखलावर लांबवर गुलाबी रेघ, आणि ती रेघ हलत होती. रोहित पक्षी! नोव्हेंबरपासून मेपर्यंत ठाणे खाडीत असतात, हे पेपरात वाचलं होतं. रोज त्यांच्यासमोरून जात होतो आणि मान मोबाइलमध्ये. काका निवृत्त झाले. आता पूल आला की मी फोन खिशात टाकतो. पक्षी रोज दिसतात असं नाही. पाणी दिसतं.

सासवडहून

वारीत पहिल्या वर्षी मी किलोमीटर मोजत चालले. दिवे घाट चढून आल्यावर डोक्यावर तुळस घेतलेल्या एका मावशी बांधाशी थांबल्या. म्हटलं दमल्या असतील. तर म्हणाल्या, "माउली, बघा की, बाजरीला कोंब आलं!" मोजणं तिथेच सुटलं.

माढा तालुक्यातून

सावता महाराजांचं अरण आमच्यापासून जवळ. त्यांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला, हे लहानपणापासून ऐकतोय. मला शेतात देव कधी दिसला नाही, खोटं कशाला सांगू. पण रब्बीला रात्रीची लाइट असली की दारं धरायला, म्हणजे सरी-सरीनं पिकाला पाणी द्यायला, जावं लागतं. पूर्वी चिडचिड व्हायची, कधी एकदा भिजतंय आणि घरी जातोय. गेल्या थंडीत बॅटरीचे सेल संपले म्हणून अंधारात बांधावर बसून राहिलो. कोरड्या सरीत पाणी शिरलं की माती बारीक आवाज करते, चुळचुळ, बुडबुडे फुटल्यासारखा. ढेकूळ विरघळताना वास येतो तो पहिल्या पावसाचाच. एवढी वर्षं पाणी दिलं, आवाज ऐकला नव्हता. आता सेल असले तरी बॅटरी बंद ठेवतो. शेवटाला पाणी पोचलं की कानाला कळतं. मग उठून दार मोडतो, पुढच्या सरीला लावतो आणि परत बसतो.