मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कॅमेरे पुरेत का, की पोलीस डोळ्यांना दिसायला हवा?

मुलुंडकर
दर शुक्रवारी रात्री मुलुंडहून पुण्याला आईकडे जातो, रविवारी परत येतो. मागच्या रविवारी खंडाळ्याच्या उतारावर एक कंटेनर मधल्या लेनमधून थेट उजवीकडे घुसला. माझ्या पुढच्या गाडीने कसाबसा ब्रेक मारला. त्या गाडीत मागे दोन लहान मुलं उभी होती, काचेतून दिसत होती. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

जुलै २०२४ पासून या रस्त्यावर कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली, सरासरी वेगही मोजतात. चांगलंच आहे. पण चलनाचा मेसेज येतो तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, आणि कित्येक जण तर ते न भरता लोक अदालतीची वाट बघतात. याउलट दिवा लावलेली पोलिसांची गाडी कडेला दिसली की तिन्ही लेन आपोआप सरळ होतात. काही किलोमीटर ती शिस्त टिकते, मग विरते. म्हणून म्हणतो, अशा गाड्या वाढवा आणि रोज जागा बदला.

मुंबईत २००७ पासून दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्ध नाकाबंदी सुरू झाली, ती आठवा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा कायद्यात आधीपासूनच होती. लोक परतीची सोय बघून पार्टीला जायला लागले ते रस्त्यात यंत्र घेऊन उभा असलेला पोलीस दिसायला लागल्यावर.

कळंबोलीचा
आमच्या चार गाड्या आहेत, वडिलांनी तीस वर्षं स्टिअरिंग धरलं. मला हे अजिबात पटत नाही. पोलीस दिसला की कारवाला वेग कमी करतो, पण बाजूला घेतला जातो तो ट्रकवाला. दोन वर्षांपूर्वी आमच्या ड्रायव्हरला एका ठिकाणी रात्री पाऊण तास उभं केलं. कागद पूर्ण होते, तरी पैसे दिल्यावरच सोडलं. तो पाऊण तास त्याने पुढे पळवून भरून काढला. यात सुरक्षा कुठे आली? शिवाय कडेला उभ्या ट्रकवर मागून कार आदळते, हे या रस्त्याचं जुनं दुखणं आहे. तपासणीसाठी ट्रक थांबवायचा म्हणजे तोच धोका आपल्या हाताने उभा करायचा. कॅमेरा गाडी थांबवत नाही आणि पैसेही मागत नाही.

दुभाजक
मी रस्तेबांधणीत काम करते. दोघांनीही रस्ता सोडून माणसांवरच बोट ठेवलंय. डिसेंबर २०१२ मध्ये याच रस्त्यावर अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले, ते समोरच्या दिशेचं वाहन दुभाजक ओलांडून आल्यामुळे. तिथे दहा पोलीस उभे असते तरी काय करणार होते? तिथे अडथळाच हवा होता. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीला सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ ला उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. पूल जिथे अरुंद होतो तिथे आधीपासून ठळक खुणा हव्यात, कठड्याचं टोक उघडं राहता कामा नये. मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता हेही खरं.

माणूस चुकणारच. चुकल्यावर त्याचा जीव जाऊ नये, हे रस्त्याचं काम आहे.

मुलुंडकर
दुभाजक, अडथळे हवेतच. पण याच रस्त्यावर २०१६ साली १५१ माणसं गेली आणि त्यानंतर आकडा खाली आला, तो एकट्या लोखंडी कठड्यांमुळे नाही. दुरुस्त्या आणि पोलिसांची कारवाई दोन्ही एकत्र चालली होती. राजस्थानात मद्यपी चालकांसाठीच्या नाकाबंदीचा शास्त्रीय अभ्यास झाला होता. जागा बदलत्या नाक्यांनी रात्रीचे अपघात घटले, एकाच जागी कायम बसलेल्या नाक्याचा मात्र फारसा उपयोग दिसला नाही. चालक दोन दिवसांत जागा ओळखतात.

कळंबोलीचा, तुमच्या ड्रायव्हरबरोबर झालं ते चूकच. ट्रक थांबवायचा तर टोलनाक्यावर थांबवा, चालत्या रस्त्यात नको. पण एक सांगा, डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रलवर सोडतात, ते कॅमेऱ्याला कसं दिसणार?

पोलिसाची लेक
वाहतूक पोलीस वाढवा म्हणणं सोपं आहे. बाबा रात्री मास्क लावून उभे राहायचे आणि आई दार उघडेपर्यंत जागी असायची. पोलिसाला रस्त्यावर उभं करणार असाल तर आधी त्याच्यामागे आडवी गाडी द्या, चमकणारं जाकीट द्या, आठ तासांची पाळी द्या. ते नसेल तर माझा या मागणीला विरोध आहे.

कळंबोलीचा
ताई, तुमचं म्हणणं पटलं.

मुलुंडकर, न्यूट्रलचं खरं आहे, लपवत नाही. इंजिनाचा आवर सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि खालच्या वळणापर्यंत पॅडल दाबून काही होत नाही. आमचा एक ड्रायव्हर असाच डोंगराला गाडी घासून थांबला, नशिबाने वाचला. घाट सुरू व्हायच्या आधी, जिथे ट्रक तसाही हळू असतो, तिथे पोलीस उभा करा, माझी हरकत नाही. अंगावर कॅमेरा लावलेला असावा आणि हातात पावतीपुस्तक नसावं. खिडकीशी येऊन गिअर बघावा, ब्रेक विचारावा, पाणी हवं का विचारावं. माझ्या चारही गाड्या तिथे थांबतील.